गाण्याची चोरी आणि गाणाऱ्याची लूट

लग्नाच्या मांडवात ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची तर त्यासाठी ध्वनिमुद्रण कंपन्यांचा परवाना घ्यावा लागतो की नाही, हा प्रश्न २०२४ साली गोव्यात थेट उच्च न्यायालयापर्यंत गेला. कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात धार्मिक समारंभांना सूट दिलेली आहे आणि विवाहाची मिरवणूक व विवाहाशी निगडित इतर सामाजिक सोहळे यांचाही त्यात समावेश होतो, असे स्पष्टीकरण कायद्यातच जोडलेले आहे. त्याचा आधार घेऊन केंद्र सरकारच्या उद्योग व अंतर्गत व्यापारविषयक विभागाने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढली आणि गोवा सरकारने त्याच धर्तीवर जानेवारी २०२४ मध्ये एक परिपत्रक प्रसृत केले. लग्नसमारंभात गाणी वाजविणाऱ्यांकडे कोणी पैसे मागू नयेत, असा त्याचा आशय होता. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाने हे परिपत्रक रद्दबातल ठरविले. कायद्याने दिलेली सूट कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे ठरविण्याचे काम परिपत्रकाचे नव्हे, हा न्यायालयाचा दृष्टिकोन शास्त्रशुद्ध आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु या सगळ्या वादात एक गोष्ट ठळकपणे जाणवते. एका बाजूला मंगल कार्यालये, पंचतारांकित हॉटेले आणि सरकार. दुसऱ्या बाजूला ध्वनिमुद्रण कंपन्या आणि त्यांच्या वतीने वसुली करणाऱ्या संस्था. ज्याने ते गाणे लिहिले, ज्याने त्याला चाल लावली, जिने ते गायिले आणि ज्यांनी मागे बसून व्हायोलिने व ढोलक्या वाजविल्या, ती मंडळी या भांडणात कोठेच दिसत नाहीत. गाण्याच्या चोरीविषयी गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे आपल्याकडे जी चर्चा चालली आहे तिचे हेच वैशिष्ट्य आहे. चोरीला गेलेल्या मालाविषयी सगळे बोलतात. माल मुळात कोणाचा होता आणि चोर येण्यापूर्वी तो कोणाच्या तिजोरीत जाऊन पडला होता, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

‘चोरी’ हा शब्दच आधी तपासून पाहिला पाहिजे. एखाद्याची सायकल चोरीला गेली तर दुसऱ्या दिवशी त्याला कचेरीत पायी जावे लागते. गाण्याची नक्कल केली तर मूळ गाणे होते तेथेच राहते. नुकसान होते ते मालकाच्या अपेक्षित उत्पन्नाचे, वस्तूचे नव्हे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर गाण्याची पहिली प्रत अतिशय महाग आणि दुसरी जवळजवळ फुकट असते. कवीचे परिश्रम, संगीतकाराची प्रतिभा, वादकवृंदाची मेहनत, स्टुडिओचे भाडे हा सगळा खर्च पहिल्या प्रतीवरच पडतो. पुढच्या लाखो प्रतींना केवळ फितीचा, तबकडीचा किंवा आजच्या काळात विजेचा खर्च येतो. ज्या वस्तूची दुसरी प्रत फुकट निघते तिची किंमत खुल्या बाजारात शून्याकडे घसरणार हे उघड आहे, आणि तसे झाले तर पहिल्या प्रतीचा खर्च करायला कोण पुढे येईल? म्हणून कायदा मध्ये पडतो आणि ठरावीक मुदतीसाठी एक मक्तेदारी निर्माण करतो. कॉपीराइट हा निसर्गदत्त हक्क नाही. समाजाने विशिष्ट हेतूने दिलेली ती सवलत आहे, आणि निर्मात्याला निर्मितीचे मोल मिळावे हाच तो हेतू आहे. मक्तेदारीचा भुर्दंड श्रोत्याने सोसायचा तो याच एका अटीवर. ही अट पाळली जाते काय, या कसोटीवर संपूर्ण व्यवहार घासून पाहिला म्हणजे चित्र बरेच वेगळे दिसू लागते.

ज्यांनी १९७० चे दशक पाहिले आहे त्यांना ध्वनिमुद्रिका ही काय चैनीची वस्तू होती हे आठवत असेल. कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यातून निघणाऱ्या, कुत्र्याचे चित्र असलेल्या तबकड्यांचे देशाच्या बाजारावर जवळजवळ एकछत्री राज्य होते. रेकॉर्ड-प्लेअर आणि तबकड्यांचा संग्रह ही डॉक्टर-वकिलांच्या दिवाणखान्याची शोभा. चाळीतल्या कारकुनासाठी आकाशवाणी आणि इराण्याच्या हॉटेलातील ज्यूक-बॉक्स. मग आखाती देशांत नोकरीला गेलेला रत्नागिरीचा किंवा मलबारचा माणूस सुटीवर येताना सामानातून ‘टू-इन-वन’ घेऊन येऊ लागला आणि एका दशकाच्या आत हा किल्ला ढासळला. कॅसेटची नक्कल करायला कारखाना लागत नव्हता, दोन यंत्रे आणि एक खोली पुरेशी होती. पदपथावर, एस. टी. स्थानकासमोर, यात्रेच्या बाजारात नकली कॅसेटींचे ढीग दिसू लागले. सरकारने १९८४ मध्ये कायदा कडक केला, किमान सहा महिने तुरुंगवास आणि किमान ५० हजार रुपये दंडाची तरतूद केली, आणि प्रत्येक कॅसेटवर निर्मात्याचे व हक्कदाराचे नाव छापणे सक्तीचे केले. पदपथावरच्या धंद्यावर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही.

याच सुमारास दिल्लीतील दर्यागंजच्या एका फळरसविक्रेत्याच्या मुलाने, गुलशन कुमार यांनी, कायद्यातीलच एक फट शोधून काढली. १९५७ च्या मूळ कायद्यात अशी तरतूद होती की, एखाद्या गाण्याची ध्वनिमुद्रिका एकदा निघाली, की सूचना देऊन व ठरलेले स्वामित्वधन भरून दुसऱ्या कोणालाही त्याच गाण्याचे नवे ध्वनिमुद्रण करता येईल. लता-रफी-किशोर यांची जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेऊन स्वस्तात विकण्याचा प्रचंड व्यवसाय ‘टी-सीरीज’ने या तरतुदीवर उभारला. जाणत्यांनी नाके मुरडली, आणि कलेच्या दृष्टीने पुष्कळदा ती योग्यच होती. परंतु किंमत खाली येताच ग्राहकांची संख्या किती पटींनी वाढू शकते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा बड्या कंपन्यांना बाजारपेठेने शिकविला तो असा. शिवाय या कॅसेटींच्या लाटेवर लावणी, पोवाडा, भजन, कव्वाली, भीमगीते, कोळीगीते हे सगळे प्रकार पहिल्यांदाच खेड्यापाड्यांच्या बाजारात विकत मिळू लागले. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारतातील या उलथापालथीचे सविस्तर वर्णन केले आहे. मक्तेदार कंपनीला ज्या गाण्यांत धंदा दिसत नव्हता ती गाणी छोट्या उत्पादकांनी बाजारात आणली आणि त्यांच्या भरभराटीत अधिकृत-अनधिकृत यांच्या सीमारेषा बऱ्याच पुसट होत्या, ही वस्तुस्थिती नीतिवाद्यांना गैरसोयीची असली तरी नाकारता येणार नाही.

येथे नकली कॅसेटवाल्याची वकिली करण्याचा हेतू नाही. पहिल्या प्रतीचा एक पैसाही खर्च न करता तो दुसऱ्याच्या पिकावर नांगर फिरवीत होता आणि त्याला शिक्षा व्हायलाच हवी होती. प्रश्न एवढाच की, त्याच्याऐवजी अधिकृत कॅसेट खपली असती तर तिच्या किमतीतील किती वाटा गीतकाराच्या, संगीतकाराच्या किंवा गायिकेच्या घरी पोहोचला असता?

या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च १९७७ च्या एका निकालात मिळते. ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ ही गीतकार-संगीतकारांची संस्था आणि पूर्व भारतातील चित्रपट-व्यावसायिकांची संघटना यांच्यातील हा खटला. चित्रपटाच्या निर्मात्याने मोबदला देऊन गीत आणि संगीत करवून घेतले असेल, तर विरुद्ध करार नसल्यास त्या कृतीचा पहिला मालक निर्माताच होय, असा निर्णय न्यायालयाने दिला. झाले! ज्या धंद्यात एका बाजूला पैशाची थैली घेऊन बसलेला निर्माता आणि दुसऱ्या बाजूला खोलीचे भाडे थकलेला कवी, तेथे ‘विरुद्ध करार’ कोण आणि कसा करणार? बरोबरीच्या नसलेल्या दोन पक्षांमधील कराराला स्वातंत्र्य म्हणणे हा कायद्याच्या पुस्तकातला विनोद आहे. नाव झालेल्या दोन-चार जणांनी भांडून काही पदरात पाडून घेतले. साहिर लुधियानवी यांनी गीतकाराच्या मानासाठी आणि धनासाठी दिलेली झुंज प्रसिद्धच आहे. बाकीच्यांनी एकरकमी मानधन घेतले, पावतीवर सही केली आणि आयुष्यभर आपले गाणे पानपट्टीच्या दुकानातून ऐकले.

गायकांची अवस्था तर आणखी चमत्कारिक होती. तोवरच्या कायद्यात गायकाला अस्तित्वच नव्हते. १९६० च्या दशकाच्या आरंभी लता मंगेशकरांनी गायकांनाही स्वामित्वधनाचा वाटा मिळावा अशी मागणी केली, तेव्हा एकदा मोबदला घेतला की गायकाचा संबंध संपला, अशी भूमिका मोहम्मद रफींसारख्या दिलदार कलावंताने घेतली आणि या मतभेदापायी काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे बंद केले. रफींचा मोठेपणा निर्विवाद. पण त्यांच्या औदार्याचा लाभ श्रोत्याला झाला नाही, कंपनीला झाला, हेही तितकेच निर्विवाद आहे. १९७७ च्या त्याच निकालाला जोडलेल्या आपल्या टिपणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या विसंगतीवर नेमके बोट ठेवले होते. कायदा कागदावर उतरविलेल्या स्वररचनेला संरक्षण देतो आणि त्या रचनेत प्राण ओतणाऱ्या गळ्याला देत नाही, याकडे लक्ष वेधून संसदेने ही उणीव दूर करावी, असे त्यांनी सुचविले होते.

‘कागदावर उतरविलेली’ हा मुद्दा भारतीय संगीताच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. १९५७ चा कायदा इंग्रजी कायद्याच्या वळणावर बेतलेला. स्वरलेखनात नोंदविलेली असेल तीच संगीतकृती, असे तो मानीत होता. आपल्याकडे मात्र चीज गळ्यातून गळ्यात जाते. घराणेदार उस्ताद आपल्या बंदिशी जिवापाड जपत, परक्याच्या कानावर अस्ताईच पडू देत आणि अंतरा राखून ठेवीत. मुलीच्या लग्नात चिजा आंदण दिल्याच्या कथा संगीताच्या जगात आजही सांगितल्या जातात. त्या काळचा तोच कॉपीराइट होता आणि त्याची मुदत अमर्याद होती. परिणाम असा की, उस्ताद गेला की त्याच्याबरोबर शंभर चिजाही गेल्या. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या विष्णू नारायण भातखंडे यांनी गावोगाव फिरून, आर्जवे करून, प्रसंगी युक्तीने या चिजा मिळविल्या, त्यांचे स्वरलेखन केले आणि ‘क्रमिक पुस्तक-मालिके’त छापून त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. काही घराण्यांनी याला चोरी म्हटले. आज शाळा-महाविद्यालयांत जो विद्यार्थी यमन शिकतो तो याच ‘चोरी’चा वारसदार आहे. स्वरलेखनाची अट आपल्या संसदेने १९९४ च्या दुरुस्तीने काढून टाकली आणि त्याच दुरुस्तीने प्रयोगकर्त्या कलावंताला, म्हणजे गायक-वादकाला, प्रथमच काही हक्क दिले. कृष्ण अय्यर यांच्या टिपणानंतर सतरा वर्षांनी!

गीतकार-संगीतकारांना त्यासाठी आणखी अठरा वर्षे थांबावे लागले. राज्यसभेचे नियुक्त सदस्य जावेद अख्तर यांनी सभागृहात आणि सभागृहाबाहेर जी बाजू मांडली तिचा मोठा वाटा असलेली दुरुस्ती मे २०१२ मध्ये मंजूर झाली आणि २१ जूनपासून अमलात आली. चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज गाण्याचा अन्य कोणत्याही मार्गाने वापर झाला, तर त्याच्या स्वामित्वधनात गीतकार व संगीतकार यांचा समान वाटा राहील. आणि महत्त्वाचे म्हणजे वारसांना वा हक्कवसुली करणाऱ्या संस्थेला सोडून दुसऱ्या कोणालाही हा वाटा त्यांना लिहून देता येणार नाही, दिल्यास तो करार निरर्थक ठरेल. कराराच्या स्वातंत्र्याचा हा संकोच आहे, अशी ओरड कंपन्यांनी केली. संकोच आहेच. किमान वेतनाचा कायदाही असाच संकोच करतो. गायकांनाही व्यापारी वापरातील वाट्याचा हक्क याच दुरुस्तीने दिला आणि २०१३ मध्ये त्यांनी आपली स्वतंत्र संस्था स्थापन केली.

दुर्दैव असे की, हक्क पदरात पडेपर्यंत ज्या वस्तूवर हक्क मिळाला ती वस्तूच बाजारातून नाहीशी होऊ लागली होती. १९९९ मध्ये अमेरिकेतील एका महाविद्यालयीन तरुणाने ‘नॅपस्टर’ नावाची योजना सुरू केली आणि जगभरचे संगणक एकमेकांचे गाणे घेऊ-देऊ लागले. २००१ मध्ये न्यायालयाने ती बंद पाडली, पण बाटलीतला राक्षस बाहेर आला होता. अमेरिकन कंपन्यांनी पुढे हजारो सामान्य श्रोत्यांवर खटले भरले. मिनेसोटा राज्यातील एका महिलेला २४ गाण्यांबद्दल २ लाख २२ हजार डॉलर भरपाई द्यावी लागेल, असा २००७ चा पंचांचा निवाडा, मधल्या काळात १९ लाखांच्या वर जाऊन, २०१२ मध्ये अपील न्यायालयात पुन्हा मूळ रकमेवर स्थिरावला. गाण्यामागे सव्वानऊ हजार डॉलर! दहशतीचा हा मार्ग उद्योगानेच पुढे सोडून दिला, यावरून त्याची उपयुक्तता लक्षात यावी.

आपल्याकडे या प्रकाराने वेगळेच रूप घेतले. २०१० च्या आसपास तालुक्याच्या गावी मोबाईल-दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशी पाटी दिसे. दहा-वीस रुपयांत दुकानदार चार-पाचशे गाणी भरून देई. ट्रॅक्टरचालक, टेम्पोवाला, शेतमजूर, महाविद्यालयीन मुलगा हे त्याचे गिऱ्हाईक. यांना चोर म्हणणे कायद्याला धरून असले तरी त्यांनी बुडविलेल्या रकमेचा हिशेब करताना कंपन्या जी लबाडी करीत त्याकडेही पाहिले पाहिजे. पाचशे गाण्यांची अधिकृत किंमत काढायची, तिला कार्डांच्या संख्येने गुणायचे आणि तेवढे कोटी रुपये बुडाले म्हणून टाहो फोडायचा. ज्याची क्रयशक्ती वीस रुपयांची आहे तो पाच हजारांचा माल विकत घेणारच नव्हता. मग त्याच्याकडून पाच हजार बुडाले कसे? मागणी म्हणजे इच्छा नव्हे, क्रयशक्तीची जोड असलेली इच्छा, हे अकरावीच्या पुस्तकात असते. न्यायालयांनीही या काळात अनोळखी उल्लंघनकर्त्यांविरुद्ध सरसकट मनाई हुकूम द्यायला प्रारंभ केला. इंग्रजी कायद्यातील ‘जॉन डो’ भारतात येऊन ‘अशोक कुमार’ झाला आणि हे ‘अशोक कुमार आदेश’ म्हणून ओळखले जाऊ लागले. ‘अछूत कन्या’त स्वतःच्या गळ्याने गाणाऱ्या नटाचे नाव अज्ञात चोराला मिळावे, यातही काही काव्यगत न्याय असेल!

मेमरी कार्डाचे दुकान अखेर बंद पडले ते पोलिसांमुळे नव्हे. स्वस्त इंटरनेट आले, मोबाईलवर हवे ते गाणे अधिकृतपणे फुकट किंवा अल्प वर्गणीत ऐकण्याची सोय झाली आणि नक्कल बाळगण्याची गरजच उरली नाही. कॅसेटच्या काळातील धडा दुसऱ्यांदा खरा ठरला. परंतु येथेही पैशाची वाटणी कशी होते ते पाहण्यासारखे आहे. बहुतेक सेवा सर्व वर्गणीदारांचे पैसे एका हंड्यात टाकतात आणि एकूण जेवढी गाणी वाजली त्यांच्या प्रमाणात ते वाटून देतात. त्यामुळे जो शिक्षक महिनाभर केवळ अभंग आणि ख्यालच ऐकतो, त्याच्या वर्गणीचा फार मोठा हिस्सा त्याने कधीही न ऐकलेल्या लोकप्रिय गाण्यांच्या मालकांकडे जातो. ज्याचे गाणे ऐकले त्यालाच त्या श्रोत्याचे पैसे द्यावेत ही साधी पद्धत अशक्य नाही. ‘साउंडक्लाउड’ या सेवेने २०२१ मध्ये काही कलावंतांपुरती ती सुरूही केली. आकाशवाहिन्यांना ठरलेल्या दराने गाणी वाजविण्याची जी सक्तीच्या परवान्याची सोय २०१२ च्या दुरुस्तीत आहे ती इंटरनेटवरील सेवांना लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरविले आणि २०२२ मध्ये खंडपीठानेही ते उचलून धरले. म्हणजे दर ठरणार तो सेवा आणि कंपनी यांच्या बंद खोलीतील वाटाघाटीत. ज्याला समान वाट्याचा हक्क आहे तो गीतकार त्या खोलीत नसतो आणि वाटा कशाचा, हे त्याला कागदोपत्री तपासताही येत नाही.

नक्कल आणि उसनवारी यांत मात्र भेद केला पाहिजे. संपूर्ण गाणे उचलून विकणारा एक, आणि दुसऱ्याच्या गाण्यातील सुरावट किंवा ध्वनिमुद्रणाचा तुकडा घेऊन त्यावर नवे गाणे रचणारा वेगळा. दुसऱ्या प्रकाराला पाश्चात्त्य देशांत ‘सँपलिंग’ म्हणतात आणि त्यावर तेथे वर्षानुवर्षे खटले चालतात. ‘क्राफ्टवेर्क’ या जर्मन वाद्यवृंदाच्या १९७७ च्या ध्वनिमुद्रणातील केवळ दोन सेकंदांचा तुकडा १९९७ मध्ये एका गाण्यात वापरला गेला, आणि तो वाद वीस वर्षांनंतर युरोपीय न्यायालयासमोर उभा होता. आपल्या मराठी वाचकाला मात्र उसनवारी नवी नाही. किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) ही नाटके रचताना साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातील व कर्नाटकी चाली मुक्तहस्ते घेतल्या. गोविंदराव टेंबे यांनी ‘मानापमान’ (१९११) नाटकाला पूरबी ठुमरी-दादऱ्यांचा साज चढविला. पण या मंडळींनी एक पथ्य पाळले. छापील नाटक उघडून पाहावे, पुष्कळ पदांच्या डोक्यावर राग-ताल आणि ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा उल्लेख आढळेल. घेतले ते सांगून घेतले. संतांच्या अभंगातील नाममुद्रा हाही याच संस्कृतीचा भाग. तेथे तर उलटाच प्रकार घडे. दुसऱ्याचे काव्य आपल्या नावावर खपविण्याऐवजी आपली रचना ‘नामा’ किंवा ‘तुका’ यांच्या नावावर सोडून देणारे अज्ञात कवी होऊन गेले आणि संशोधक आजवर त्यांची निवडानिवड करीत बसले आहेत.

हिंदी चित्रपटसंगीताने उसनवारी पुढे चालविली, पथ्य मात्र सोडले. सलिल चौधरींनी ‘छाया’ (१९६१) चित्रपटासाठी मोत्सार्टच्या चाळिसाव्या सिंफनीतील सुरावट घेतली, तिथे पैशाचा प्रश्न नव्हता, कारण मोत्सार्टचे हक्क केव्हाच सरले होते. इतरांनी जिवंत परदेशी संगीतकारांच्या चाली बेलाशक उचलल्या आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. मग काटा उलटा फिरला. २००२ मध्ये अमेरिकेत ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ नावाचे एक गाणे गाजले. त्यात ‘ज्योती’ (१९८१) या चित्रपटातील लता मंगेशकरांचा आवाज जसाच्या तसा वापरलेला होता. संगीतकार बप्पी लाहिरी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले आणि २००३ च्या आरंभी, त्यांच्या नावाचा उल्लेख केल्याविना ती तबकडी विकता येणार नाही, असा हुकूम त्यांनी मिळविला. परदेशी चाली उचलल्याचा ठपका रसिक ज्यांच्यावर वर्षानुवर्षे ठेवीत आले त्यांच्याच हातून भारतीय संगीतकाराच्या हक्काची ही पहिली मोठी लढाई जिंकली जावी, हा दैवदुर्विलास म्हणावा की न्याय? ‘आराधना’ (१९६९) चित्रपटातील गाण्याच्या तुकड्यावरून ‘सारेगामा’ कंपनीने अमेरिकेत भरलेला दुसरा दावा मात्र २०११ मध्ये अपिलातही फेटाळला गेला. ज्या १९६७ च्या करारावर कंपनी हक्क सांगत होती त्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क तिच्याकडे फार तर दोनच वर्षे होता, असे न्यायालयाने दाखवून दिले. कंपन्या किती वर्षे कशावर आणि कोणत्या कागदाच्या बळावर मालकी सांगतात, याचा हा बोलका नमुना.

देशातही हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. ‘पोन्नियिन सेल्वन’च्या दुसऱ्या भागातील (२०२३) ए. आर. रहमान यांचे एक गाणे धाकट्या डागर बंधूंच्या अडाणा रागातील ‘शिवस्तुती’वरून घेतले असल्याचा दावा त्यांचे वारस उस्ताद वसिफुद्दीन डागर यांनी दिल्ली उच्च न्यायालयात केला. एप्रिल २०२५ मध्ये एकल पीठाने डागर यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो रद्द केला. राग कोणाचाही नाही, बंदिश मात्र कोणाची तरी असते. आणि बंदिश पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या घराण्यात ती रचली कोणी आणि गायिली कोणी हे सिद्ध कसे करायचे, हा पेच भातखंड्यांच्या काळाइतकाच आज बिकट आहे. पण खटल्याचा निकाल काहीही लागो, ‘चाल : अमुक’ असे पदाच्या डोक्यावर छापायला किर्लोस्करांना कोणत्याही न्यायालयाच्या हुकमाची गरज पडली नव्हती, याची आठवण चित्रपटसृष्टीला करून देणे आवश्यक आहे.

लग्नाच्या मांडवातील पैसे घ्यावेत की नाहीत, याचा निर्णय शेवटी संसदेला किंवा सर्वोच्च न्यायालयाला करावा लागेल. कार्यालयाचे भाडे लाखांत मोजणाऱ्या यजमानाला परवान्याचे पैसे जड जाण्याचे काही कारण नाही, आणि चाळीच्या गच्चीवर होणाऱ्या लग्नात कोणी पावतीपुस्तक घेऊन येणार असेल तर त्याला हाकलून देणेच योग्य. तथापि जो पैसा गोळा होतो त्याचा हिशेब गाणेनिहाय जाहीर झाला पाहिजे, अशी मागणी दोन्ही बाजूंपैकी एकानेही केलेली नाही. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये निवर्तले. मृत्यूनंतर साठ वर्षांच्या नियमानुसार त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत चालेल. सुधीर फडक्यांच्या चालींवरील २०६२ अखेरपर्यंत. ही मोठी नावे आहेत, त्यांचे हिशेब कोणी तरी ठेवीलच. पण १९८० च्या दशकात शे-पाचशे रुपयांवर सही करून कॅसेटीत पोवाडे, भीमगीते आणि लावण्या गाणारे-लिहिणारे जे शेकडो शाहीर होते त्यांची गाणी आज त्याच कंपन्यांच्या नावाने मोबाईलवर लाखो वेळा वाजत आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचे वारस कोणत्याही संस्थेचे सभासद नाहीत. सभासदत्वाचा अर्ज, रचनांची यादी, वारसाचा दाखला, जुन्या कॅसेटचे वेष्टन हा पुरावा जमविण्याचे काम तालुक्याच्या महाविद्यालयांतील मराठीच्या आणि वाणिज्यच्या विद्यार्थ्यांकडून एका उन्हाळ्याच्या सुटीत होण्यासारखे आहे. ज्या वेष्टनावर नाव छापणे १९८४ च्या कायद्याने सक्तीचे केले होते ती वेष्टने अजून पुष्कळ घरांच्या माळ्यावर पडून आहेत.